गाडीत मधोमध कोणीच बसत नाही

मंडळी, गाडीच्या म्युझिक सिस्टिमचा विषय निघाला की गप्पा दोन मिनिटांत वॅटवर येतात. ॲम्प किती वॅटचा? मागे ओव्हल टाकलेस का? सब किती इंची? दुकानदार खोक्यावरचा मोठा आकडा दाखवतो, आपण मान डोलावतो, आणि घरी येईपर्यंत आवाज वाढलेला असतो, पण गाणं काही सुधारलेलं नसतं. गायिका अजूनही आपल्या गुडघ्यापाशी दाराच्या खिशात बसूनच गातेय असं वाटत राहतं.

यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. हे सगळं ऐकणारा माणूस बसतो कुठे?

तर तो बसतो कडेला. स्टिरिओचं गणित मांडताना गृहीत धरलंय की ऐकणारा दोन स्पीकर्सच्या बरोबर मधे आहे. घरात सोफा सरकवता येतो. गाडीत स्टिअरिंग सरकवता येत नाही! पुढच्या दोन्ही सीट्स मधल्या रेषेपासून बाजूला, आणि मधे गिअर नाहीतर हँडब्रेक. गेल्या नव्वदेक वर्षांचा कार ऑडिओचा इतिहास म्हणजे या एका अडचणीशी केलेली झटापट आहे असं माझं मत आहे. गंमत म्हणजे तिचं बरंचसं उत्तर १९३३ मध्येच सापडलं होतं. ते गाडीपर्यंत पोचलं मात्र नाही. या वीकांताला तीच गोष्ट सांगतो.

एकच स्पीकर, सगळ्यांसाठी

सुरुवातीची अडचण आवाजाची नव्हतीच, विजेची होती. व्हॉल्व्हच्या रेडिओला शे-दीडशे व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी सहा व्होल्टची. म्हणून जास्तीच्या बॅटऱ्या गाडीच्या तळाशी बसवायच्या. वर स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ स्टेशनच, इंजिन चालू झालं की रेडिओत नुसती खरखर.

शिकागोच्या गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३० मध्ये यावर तोडगा काढलेला रेडिओ बाजारात आणला. पॉल गॅल्व्हिन तो स्वतःच्या गाडीत बसवून अटलांटिक सिटीच्या रेडिओवाल्यांच्या अधिवेशनाला घेऊन गेले. रेडिओचं नाव ठेवलं 'मोटोरोला'. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतलं, आणि आपल्या पिढीला ते मोबाइलमुळे माहीत झालं. किंमत होती ११० ते १३० डॉलर. त्या काळी फोर्डची मॉडेल ए डिलक्स कूप ५४० डॉलरच्या आसपास मिळायची. म्हणजे गाडीच्या जवळपास पाव किमतीचा रेडिओ! युरोपातही वेगळं नव्हतं. १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टने आणलेला एएस ५ हा सेट ४६५ राइशमार्कचा होता, आणि आकार सुमारे दहा लिटरचा, म्हणजे पाण्याच्या छोट्या कॅनएवढा.

या रेडिओंना स्पीकर एकच. पुढे डॅशबोर्ड नीट आकाराला आल्यावर तो बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या मधोमध जाळीमागे बसला. आवाज काही फार उच्च नव्हता. पण एक गोष्ट लक्षात घ्या. चालवणारा असो की शेजारचा, दोघांनाही तो सारख्याच अंतरावरून ऐकू यायचा. निवेदक डॅशबोर्डच्या मधे, सगळ्यांसाठी एकाच जागी. या व्यवस्थेत कोणाची सीट चांगली आणि कोणाची वाईट असा प्रकारच नव्हता.

१९५०च्या दशकात अमेरिकन गाड्यांत मागच्या सीटसाठी दुसरा स्पीकर मिळू लागला आणि त्याबरोबर फेडर आला, पुढचा आवाज जास्त की मागचा हे ठरवणारा. गाणं तेच, एकाच चॅनलचं. फेडर फक्त वाटणी करायचा. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिलको यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा कार रेडिओ जाहीर केला, किंमत दीडशे डॉलर. व्हॉल्व्ह गेले, उष्णता गेली, बॅटरीवरचा भार कमी झाला. विजेची अडचण मिटली. पण लवकरच दुसरी येणार होती.

दोन माणसं, दोन स्टिरिओ

आता थोडं गाडीतून बाहेर येऊ, कारण पुढची अडचण गाडीत तयार झालेली नाही. ती आयती आली.

लंडनला ईएमआय कंपनीत ॲलन ब्लुमलाइन नावाचा इंजिनिअर होता. त्याने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ज्यात आजच्या स्टिरिओचा पाया आहे: दोन चॅनल, दोन स्पीकर, आणि रेकॉर्डच्या एकाच खाचेत दोन्ही चॅनल कोरायची युक्ती. १९३४ मध्ये ॲबी रोडच्या स्टुडिओत थॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाची प्रायोगिक रेकॉर्डिंगही झाली. हा हुशार माणूस १९४२ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, रडारची चाचणी घेत असताना विमान अपघातात गेला.

त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये हार्वे फ्लेचर हाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवत होता. एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फियात वाद्यवृंद वाजत होता आणि त्याचा आवाज टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात पोचत होता. तिथे रिकाम्या मंचावर स्पीकर ठेवलेले, आणि आवाजाचं नियंत्रण करायला खुद्द लिओपोल्ड स्टोकोव्हस्की. चॅनल किती? दोन नाही. तीन. डावा, मधला आणि उजवा.

तिसरा कशाला? कारण फ्लेचरसमोर सभागृहभर माणसं होती. अगदी मधल्या रेषेवर बसणारे थोडे, बाकी सगळे कडेला. दोनच स्पीकर असले तर मधला गायक हा खरा तिथे नसतोच. तो दोन आवाजांच्या बेरजेतून तयार झालेला भास असतो. तुम्ही उजवीकडे सरकलात की तो भासही तुमच्याबरोबर उजवीकडे सरकतो. पण मधे खरोखरचा स्पीकर ठेवला तर गायक मधेच राहतो, तुम्ही कुठेही बसा. सिनेमावाल्यांनी हे उचललं. आजही थिएटरमध्ये संवाद प्रामुख्याने पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधूनच येतात. म्हणून भिंतीलगतची सीट मिळाली तरी हिरो पडद्याच्या कडेला जाऊन बोलत नाही.

घरात मात्र ब्लुमलाइनची दोन चॅनलची पद्धत आली. कारण अगदी साधं आहे. रेकॉर्डच्या खाचेला भिंती दोनच असतात. १९५८च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या, एका भिंतीवर डावा चॅनल, दुसरीवर उजवा. १९६१ मध्ये अमेरिकेत एफएम स्टिरिओला परवानगी मिळाली, तेही दोन चॅनल. एकदा माध्यम ठरलं की त्यापुढचं सगळं त्याच मापाचं होतं. आपल्या क्षेत्रात जुन्या डेटाबेसच्या स्कीमाचं जे होतं ना, तेच. पुढची तीस वर्षं सगळे त्याच्याभोवती कोड लिहीत बसतात. :)

स्टिरिओ गाडीत शिरला

गाडीत स्टिरिओ आला तो टेपवरून. कॅलिफोर्नियात अर्ल मंट्झ, टोपणनाव 'मॅडमॅन', यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला चार ट्रॅकची कार्ट्रिज विकायला काढली. हेच ते गृहस्थ जे टीव्हीच्या सर्किटमधला एकेक भाग काढत जायचे आणि चित्र जाईपर्यंत थांबायचे नाहीत. चित्र गेलं की शेवटचा भाग परत लावायचा, झाला स्वस्त टीव्ही. मग बिल लिअर यांनी आठ ट्रॅकची कार्ट्रिज आणली. १९३०च्या त्या पहिल्या मोटोरोला रेडिओच्या रचनेत यांचाच हात होता, आणि लिअरजेट विमानंही यांचीच. फोर्डने १९६६च्या मॉडेल्समध्ये हा आठ ट्रॅकचा प्लेअर दिला. फिलिप्सची कॅसेट १९६३ची, गाडीत ती १९६८पासून दिसू लागली आणि शेवटी तीच टिकली.

आता डॅशबोर्डच्या मधला एकटा स्पीकर गेला आणि दोन दारांत दोन आले. आणि बॅलन्सचा नॉब आला. डाव्या-उजव्याचं प्रमाण बदला, झालं काम, अशी कल्पना. ती कितपत बरोबर आहे ते हिशेब करून बघू.

समजा आपण आपल्याकडच्या गाडीत, उजवीकडे बसलोय. उजव्या दारातला स्पीकर कानापासून ९० सेंटिमीटर, डावा १४० सेंटिमीटर. जवळचा आवाज अंतरामुळे साधारण ३.८ डेसिबलने मोठा. बॅलन्स डावीकडे फिरवला की हा फरक जातो. मान्य.

पण आवाजाला ५० सेंटिमीटर जास्त जायला वेळही लागतो. सेकंदाला ३४३ मीटर वेगाने तो वेळ होतो जवळपास दीड मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही वाटत. पण कानाला ते पुरतं. गॉटिंगेनमध्ये हेल्मुट हास यांनी १९४९च्या प्रबंधात दाखवलं की तोच आवाज दोन ठिकाणांहून किंचित अंतराने आला तर जो आधी पोचतो त्याच दिशेने आवाज आला असं मेंदू ठरवतो, आणि नंतरचा थोडा मोठा असला तरी निर्णय सहसा बदलत नाही. म्हणून बॅलन्स कितीही फिरवा, गायिका उजव्या दारातून हलायला तयार नसते.

अजून एक वाईट बातमी. ५० सेंटिमीटर म्हणजे ३४३ हर्ट्झच्या लाटेची बरोबर अर्धी लांबी. त्या स्वराला डावा आवाज उजव्याच्या बरोबर उलट पोचतो आणि दोघं एकमेकांना खातात. हा माणसाच्या आवाजाचा ऐन पट्टा आहे. आता गंमत बघा: जोवर एक आवाज मोठा होता तोवर खाल्ल्यावर काहीतरी उरत होतं. बॅलन्सने दोन्ही सारखे केले की वजाबाकी जवळपास शून्य! काचा आणि छतावरून परतलेला आवाज हा खड्डा थोडा बुजवतो, पण खड्डा राहतोच. म्हणजे बॅलन्सचा नॉब एक चूक दुरुस्त करतो आणि दुसरी वाढवतो.

वॅटचा काळ

यावर बाजाराने उत्तर काय दिलं? वॅट. १९७०च्या दशकात गाडीचे वेगळे ॲम्प्लिफायर आले. ॲरिझोनात जिम फॉसगेट यांनी १९७३ मध्ये असे ॲम्प विकायला सुरुवात केली. जेन्सनसारख्यांचे सहा बाय नऊ इंची ओव्हल स्पीकर मागच्या काचेखाली बसू लागले. आपल्याकडेही पुढे पार्सल ट्रेवरचे ओव्हल म्हणजे गाडीची शान झाली. पुण्याची तपकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात चक्कर मारली की कुठून तरी धाडधाड बास ऐकू यायचाच.

खोक्यावरच्या आकड्याचं गुपितही सांगून टाकतो. '५० × ४' असं लिहिलेलं असतं ना? चालू गाडीत व्होल्टेज १४.४ धरा, स्पीकर चार ओहमचा. १४.४चा वर्ग भागिले ४, उत्तर ५१.८. पण हे खरं कधी होईल? लाट सदैव कमाल व्होल्टेजवर राहिली तर, म्हणजे चौकोनी लाट. ते गाणं नसतं, तो भोंगा असतो. नीट साईन लाटेला कागदोपत्री याच्या निम्मे, साधारण २५ वॅट, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. २००३ मध्ये अमेरिकेत सीईए-२००६ नावाचं मानक आलं, ज्यात १४.४ व्होल्ट, चार ओहम आणि जास्तीत जास्त एक टक्का विकृती असताना मोजलेलाच आकडा द्यायचा. पण ते ऐच्छिक होतं. खोकी पूर्वीसारखीच बोलत राहिली.

बरं, वॅट खरे असले तरी? दुप्पट वॅट म्हणजे फक्त तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. आणि दीड मिलिसेकंद कितीही वॅटने कमी होत नाही.

वेगळा विचार केला तो अमर बोस यांनी. एमआयटीत प्राध्यापक, वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले क्रांतिकारक. त्यांनी जनरल मोटर्सला सांगितलं की गाडी ही वाईट खोली असली तरी एक गोष्ट चांगली आहे, माणसं कुठे बसणार हे आधीच माहीत असतं. मग त्या ठरावीक गाडीसाठीच मोजमाप घेऊन सिस्टिम बनवायची. १९८३च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या मॉडेल्समध्ये ती आली. जागेचा प्रश्न पुन्हा टेबलावर आला तो इथे.

चौसष्ट नमुने

१९८४ मध्ये पायोनियरने गाडीतला सीडी प्लेअर आणला आणि आवाज आकड्यांत आला. एकदा आकडे झाले की उशीर करणं सोपं. दीड मिलिसेकंद म्हणजे सीडीच्या ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने साधारण ६४ नमुने. उजव्या स्पीकरचे ६४ नमुने एका रांगेत थांबवून ठेवायचे, बस्स. रिंग बफर! पहिल्या वर्षाच्या मुलाला जमेल असा प्रोग्रॅम. १९९०च्या दशकापासून महागड्या सिस्टिममध्ये हे आलं. आज बाहेरून विकत घ्यायच्या बऱ्याच हेड युनिटमध्ये 'टाइम अलाइनमेंट' नावाने असतं. चालू केलं की गायिका दारातून उठते आणि समोर काचेपाशी जाऊन उभी राहते. पहिल्यांदा ऐकताना खरंच दचकायला होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण शेजारच्या सीटचं काय?

डावीकडे बसलेल्याला उजवा स्पीकर आधीच दीड मिलिसेकंद उशिरा ऐकू येत होता. आपण त्यात आणखी दीड घातला. झाले तीन. आपला जेवढा फायदा, बरोबर तेवढाच त्याचा तोटा. दोन चॅनल आणि दोन माणसं, हे समीकरण उशिराने सुटतच नाही, फक्त बिल शेजाऱ्याच्या नावावर फाडलं जातं. फ्लेचरला १९३३ मध्ये नेमकं हेच दिसलं होतं. गाडी म्हणजे चार-पाच खुर्च्यांचं छोटं सभागृह आहे, आणि आपण तिला एकट्याच्या दिवाणखान्याचा स्टिरिओ बसवला. कारण काय, तर रेकॉर्डच्या खाचेला भिंती दोन!

म्हणूनच आज चांगल्या सिस्टिम असलेल्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या मधोमध पुन्हा एक स्पीकर दिसतो. प्रोसेसर डाव्या-उजव्यात जे समान असेल ते काढून त्याच्याकडे पाठवतो. जागा ओळखलीत? जुन्या मोनो रेडिओच्या स्पीकरची ती जागा.

आपल्याकडच्या जुन्या फियाटला पुढे सलग सीट आणि स्टिअरिंगवर गिअर होता, आणि मधे हटकून एखादं पोर कोंबलेलं असायचं. स्टिरिओसाठी अचूक जागा मिळालेला गाडीतला तो एकमेव श्रोता. बहुतेक फियाटमध्ये तेव्हा स्पीकर एकच होता, ही गोष्ट वेगळी. :)

मग करायचं काय?

इतिहास ऐकून खिशाचा काही फायदा व्हायला हवा. माझ्या मते क्रम असा.

आधी वायर तपासा. एका स्पीकरच्या प्लस-मायनसची अदलाबदल झाली असेल तर बास गायब होतो आणि गायक कुठूनच गात नाही. वायर हेड युनिटमधून काढून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे, दोन्हीकडे सारखाच.

मग दारं. दाराचा पातळ पत्रा हेच स्पीकरचं खोकं. तो थरथरतो आणि भोकांमधून मागची लाट पुढे येऊन बास खाते. पत्र्याला डॅम्पिंगची शीट लावणं आणि भोकं बुजवणं हे नव्या स्पीकरपेक्षा स्वस्त, आणि अनेकदा जास्त गुणकारी.

मग पुढचे चांगले कंपोनंट स्पीकर, ट्विटर वर आरशाजवळ. फेडर पुढे. सब हवा असेल तर डिकीत चालतो, कारण ८० हर्ट्झच्या खालच्या आवाजाची दिशा कानाला नीट कळत नाही. ॲम्प सगळ्यात शेवटी.

आणि टाइम अलाइनमेंट असेल तर दोन सेटिंग सेव्ह करा. एक एकट्याने ऑफिसला जातानाचं, ६४ नमुन्यांसकट. दुसरं घरचे बरोबर असतानाचं, उशीर शून्य, बॅलन्स मधे, फेडर थोडा मागे. दुसऱ्यात आपल्याला गायिका दारात बसलेली ऐकू येईल. पण तेव्हा गाडीत बाकीचे तीन-चार जणही ऐकत असतात, आणि गाणं त्यांचंही आहे.

असो. तूर्तास इतकंच. तुमच्या गाडीत बॅलन्स कोणाच्या सीटसाठी लावलाय ते एकदा बघा.